फक्त जे हललं तेवढंच

या शहराचं नाव हल.
मराठीत ती आज्ञा होते.
अकरा वर्षं झाली, मी काही हललेले नाही.
दिवसा कॅरव्हॅनच्या कारखान्यात पडदे शिवते,
रात्री लोकांची लग्नं कापते,
बारशी, निवृत्त्या,
एकदा एका कुत्र्याचा वाढदिवस.

शेजारची डोरीन स्टेदर्स आली
चॉकलेटचा जांभळा पत्र्याचा डबा घेऊन.
आत एक्केचाळीस टेपा, काडेपेटीहून थोड्या मोठ्या,
पाठीवर केनचं अक्षर:
कबुतरं ४. हॉर्नसी, वारा. कबुतरं ५.
"लव्ह," ती म्हणाली
(माझं नाव तिला जमत नाही,
आणि इथे बसचा ड्रायव्हरही लव्हच म्हणतो),
"यातून केन काढून दे."

स्मशानवाल्यांची ईमेल होती.
तीन मिनिटं. एमपी-फोर. पन्नास एमबीच्या आत.
तेवीस तारखेला, दुपारी बाराच्या ठोक्याला.

टेपेला घाई ठाऊक नसते.
तासाची टेप तासभरच येते,
लॅपटॉप कितीही भारी लावा.
पोळ्या लाटताना एक आली,
भांडी घासताना दुसरी,
बाकीच्या मी झोपल्यावर, एकेक गजर लावून.
एक्केचाळीस तास. पाचशे तेहतीस जीबी.
आणि केन कुठेच नाही.
कॅमेरा त्याच्याच हातात ना.
कुठे अंगठा, कुठे गवतावर लांबलेली सावली,
कुठे खोकला.
फक्त टेप बावीसमध्ये
तो कॅमेरा उलटा धरून भिंगावर फुंकर घालतो:
नाकपुड्या, चष्मा, कापसाची एक भुवई.
चार सेकंद.
तेही जुन्या पद्धतीचे, ओळीआड ओळ,
मान हलली की गालाला कंगव्याचे दात फुटतात.

डोरीनला मी कॉम्प्रेशन समजावलं, चहावर.
बघ, प्रत्येक चित्र अख्खं ठेवायला जागा नाही.
एक ठेवायचं पूर्ण,
पुढच्यांत फक्त जे हललं तेवढंच लिहायचं.
आकाश तेच, कुंपण तेच,
हॉर्नसीच्या वाळूत खुर्चीवर झोपलेली तू तीच,
तुझा खर्च जवळजवळ शून्य.
महाग पडतो तो समुद्र. फेस.
आणि खुराडं उघडल्यावर एकदम उठलेली कबुतरं,
तिथे चित्राचे ठिगळ ठिगळ होतात.
डोरीन म्हणाली, "मग केन स्वस्तात पडेल.
बॉक्सिंग लागलं की हलायचाच नाही."

पहिलं एक्सपोर्ट एकाहत्तर.
समुद्र कापला: त्रेसष्ट.
कबुतरं दोनदाच उडवली: चौपन्न.
बिटरेट उतरवला, तर भुवई विरघळली,
परत चढवला.
शेवटी धुक्यातून उमटणारं त्याचं नाव,
मी हौसेनं केलेलं,
ते काढून साधं लिहिलं. पांढऱ्यावर काळं.
अठ्ठेचाळीस.
पट्टी उरलेली सहा मिनिटं सांगत सांगत
पाऊण तास चालली.

चॅपलमध्ये बरं झालं.
भुवईला लोक हसले. मग पडदा निळा.

आता माझी डिस्क लाल दाखवते.
सॉफ्टवेअर विचारतं, मूळ फाइली काढू?
मी रोज नंतर दाबते.
गुरुवारी डोरीन येते, आल्याची बिस्किटं घेऊन.
ते तीन मिनिटांचं नको म्हणते.
टेप सतरा लाव. न कापलेली.

बेचाळीस मिनिटं नुसतं आकाश,
कोपऱ्यात खुराड्याचं छप्पर.
फ्रान्समधून सोडलेली कबुतरं यायची आहेत.
काही हलत नाही.
दाबायला घेतलं तर चिमूटभरही उरणार नाही.
फक्त त्याचा श्वास, नाकात बारीक शिट्टी असलेला,
आणि मागे कुठेतरी बशी ठेवल्याचा आवाज.
"ती मी," डोरीन म्हणते.
मग दोघी वर बघत बसतो.
चहा निवतो.
मध्येच ती विचारते,
आलं का एखादं?