वापर किती युनिट?

पोर्ट पिरीत, गॅरेजच्या भिंतीवर,
थानासिसच्या गळांशेजारी
आता एक पांढरी पेटी.
दिवसभर ऊन पिते, चकार शब्द काढत नाही.

थोडा भार सरकारनं उचलला.
उरलेला स्टाव्ह्रूलानं, त्याची होडी विकून.

अर्जात विचारलं होतं : रोजचा वापर किती युनिट?
तिनं लिहिलं. खोडलं.
गेल्या वर्षीच्या बिलात
त्याचं प्राणवायूचं यंत्र रात्रभर घरघरत होतं.
यंदाच्या बिलात नुसती किटली.
"मोठीच घ्या," बसवणारा पोरगा म्हणाला,
"पुढच्या वर्षी सवलत घटणार."
जणू घरातली माणसं वाढणार होती.

मग ती त्रेचाळीस अंशांची संध्याकाळ.
अख्खी गल्ली एकदम विझली.
तिचा पंखा तेवढा फिरत राहिला
आणि तिलाच कसंनुसं झालं,
पंगतीत एकटीच्याच पानात वाढल्यासारखं.

शेजारच्या मर्व्हिनशी
लिंबाच्या एका फांदीवरून सहा वर्षं अबोला.
तिनं पिवळी वायर काढली,
कुंपणापलीकडे टाकली, आणि
टोक धरून अंधारात उभी राहिली.

बराच वेळ काही नाही.

मग वायर ताणली गेली,
हातातून सरसर सरकू लागली,
गळाला काही मोठं लागावं तशी.