माप पत्र्याचं

दांडिया बाजारात माझ्या वरच्या खोलीत तोरल राहते.
भाडं सात तारखेला, नोटांना शाईचा वास.
काल तिनं जमिनीवर छापे मांडले, म्हणाली,
काका, तुम्ही वीज मंडळात पत्रं लिहायचात ना?
पुण्याच्या लोकांना मराठीतून हवंय,
आणि माझं मराठी भाजी आणण्यापुरतं.
दीडशे शब्द. शुक्रवारपर्यंत.

मी चष्मा पुसला. लिहिलं:
'स्मृती आणि विस्मृतीच्या सीमारेषेवर
ही कलावती शोध घेते –'
कोण घेते?
तू.
मी तर जस्ताचा पत्रा घासते, काका.

खोडलं.

मग 'अस्तित्वाचे व्रण'.
तिनं ओढणी पुढे धरली,
ॲसिडनं पडलेली सात-आठ भोकं.
एकातून मला समोरच्या फरसाणवाल्याची पाटी दिसली.
तेही खोडलं.

एका छाप्यापाशी अडलो.
सगळा काळा चिखल, कडेला काहीतरी झाकलेलं.
हे काय?
मगर.
पुराच्या रात्री आमच्या गल्लीत आली होती,
परशुराम भठ्ठ्यात, विश्वामित्रीतून सरळ.
वनखात्याची माणसं येईस्तोवर
पप्पांनी तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं
आणि बाजूला उकिडवे बसून राहिले.
डोळे झाकले की ती शांत राहते म्हणे.
पप्पा मकरपुऱ्याला वेल्डर होते.
आता त्यांनाही कमी दिसतं.

हे लिहू?

खाली दोन रिक्षा हॉर्न देत भांडत होत्या,
त्या मिटल्या, तेव्हा बोलली:
पोतं लिहा. पप्पा नको.

मग मापं घेतली.
मंडळाचा शिक्का असलेली माझी जुनी फूटपट्टी,
शून्याकडचं टोक झिजलेलं,
म्हणून एकपासून मोजायचं आणि एक वजा करायचा.
माप पत्र्याचं की कागदाचं?
पत्र्याचं. कागद काय, कुणीही मोठा घेतो.
साल?
पाणी आलं ते.

शेवटी उरलं ते असं:
पोतं. जस्तावर ॲसिड.
चोवीस बाय एकतीस सेंटिमीटर.
छापा तिसरा, पाचांपैकी.
आणि एक ओळ, की चिखलाचा काळा रंग
तिनं चार वेळा ॲसिडात बुडवून आणलाय,
चौथ्या वेळी पत्रा जवळजवळ फुटला होता.

मोजले. दीडशेच्या जवळपासही नाहीत.
तिला म्हटलं, वाढवू?
ती छाप्यांमध्ये बटर पेपर घालत होती,
मान वर न करता नाही म्हणाली.

सवयीनं हात खाली उजवीकडे गेला,
सहीपुरती जागा सोडून लिहिलं:
आपली विश्वासू.

ते तिनं दोनदा वाचलं, ओठ हलवत,
आणि राहू दिलं.