सत्तावीस

कुडचड्याला मिंगेलच्या शेडमध्ये
माझी पिकअप उभी आहे बॉनेट उघडं टाकून,
डॉक्टरसमोर जीभ काढावी तशी.

नवी गाडी. आठवा हप्ता अजून जायचाय.
मिंगेलनं टपाच्या मधोमध खडूनं फुली मारली,
ड्रिल उचललं,
आणि माझ्याकडे बघितलं.
म्हटलं, कडेला लाव ना, चिमट्याची मिळते तसली.
लागेल की, म्हणाला,
पण अँटेनाला पायाखाली पत्रा लागतो,
चारी बाजूंनी सारखा.
बांधाच्या टोकावर उभं राहून हाक मारलीस
तर अर्धी हाक पाण्यात जाते.
"बुराक मारचोच पडटलो, पुता. भायर वच, च्या पी."

मी गेलो नाही.
आधी पांढऱ्या रंगाचा भुगा उडाला,
मग चकचकीत कीस.
भोकाची कड त्यानं आतून खरवडली,
नखाला थंड लागेपर्यंत.

वीस वर्षं त्यानं खाणीच्या टिपरांना हेच केलं.
माझ्याही.
तेव्हा मी सत्तावीस होतो.
सत्तावीस, खाली ये. सत्तावीस, थांब.
सत्तावीस, तुझी फेरी कापली.
कंट्रोलमधला माणूस मी कधी बघितला नाही,
बाराही महिने त्याला सर्दी.
मग एका दुपारी सगळे नंबर एकदम गप्प झाले.
आम्ही टिपरात बसून राहिलो,
घरी जा असं तरी कुणी सांगेल म्हणून.

आता गॅस नेतो. नेत्रावळी, वेर्ले, तुडव, साळजिणी.
वर चढलं की मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ.
चवथीच्या आदल्या रात्री वाटेत झाड आडवं,
मागे चोवीस भरलेले सिलिंडर, मी त्यांची राखण करत,
आणि रिवणला शेवंती दुकानाच्या पायरीवर
हातात फोन धरून, सकाळपर्यंत.
बहिणीनं नंतर एक शब्द काढला नाही.
फक्त लायसन्सचे फॉर्म आणून ठेवले, दोन.

वायर थेट बॅटरीवरून.
लायटरच्या भोकातून घेतलीस, मिंगेल म्हणाला,
तर तुझ्या बोलण्यात इंजिन कण्हत राहील.
तांबडीला फ्यूज, काळीलाही, बॅटरीपासून वीतभर.
पत्र्यातून आत येते तिथं रबराचं बूच,
नाहीतर कड हळूहळू वायर खाते,
आणि कळतं ते जळल्यावरच.
माइकचा हूक मल्लिकार्जुनाच्या फोटोखाली,
दोन इंच सोडून. देवाला डोकं आपटायला नको.

मीटरचा काटा दोनावर अडला.
मिंगेलनं सळई दोन मिलिमीटर कापली. बघितलं.
आणखी एक. बघितलं.
न्हाव्यापेक्षा वाईट काम, म्हणाला, इथं परत वाढत नाही.
काटा दीडच्या खाली आला तेव्हा
त्यानं कपाळ पुसलं, तेलाच्याच हातानं.

दाबलंस की बोल. सोडलंस की ऐक.
दोन्ही एकदम होत नाही.
मला शिकवतोस? म्हटलं.

माइक तोंडाशी धरला, बटण दाबलं,
आणि तोंडातून निघालं:
सत्तावीस. सत्तावीस बोलतोय.

सोडलं.
तव्यावर बांगडा टाकल्यासारखी खरखर.
मग शेवंती, स्वच्छ, अगदी कानाशी,
तांदळाच्या डब्यावर ठेवलेल्या तिच्या सेटवरून:
कोण सत्तावीस?
आमचं हे नवीन आहे. माझा भाऊ बोलणार आहे.
तुम्ही जरा बाजूला व्हा.

मिंगेल पाना हातात धरून वाकला, हसता हसता खोकला लागला.
मी परत दाबलं.
शब्द येईना. बोट मात्र तसंच राहिलं.
म्हणजे तेवढा वेळ, अकरा किलोमीटरवर,
शेवंतीला ऐकू गेलं असणार
मिंगेलचं खोकणं,
रस्त्यावरून जाणाऱ्या पोदेराचं पों पों,
आणि मी.