गाळी

चोर्ल्याच्या घाटातून टेम्पोत उताणी आलेली होडी
दोन महिने शेडमध्ये, खानापुरी कौलांखाली.
खरवडत गेलो. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली
कुणी बोटानं रंगवलेलं 'रोझी'.
तेवढं राहू दिलं.

फटींत कापूस, राळ. नखांतही राळ.
शीड शिवलं शहापूरच्या इंदुमती बिर्जेनं,
फॉल-पिकोच्या मशीनवर:
"एवढा मोठा पदर कुणाचा हो?"

हिडकलच्या पाण्यात ढकलली तेव्हा
काठावरून बसलिंगप्पा ओरडला, "गाळी! गाळी!"
मी ऐकलं, गाळ.
वल्हं खाली घालून तळ चाचपत बसलो.
तळ नव्हताच.

वारा म्हणायचं होतं त्याला.
कळलं तोवर पदर भरलेला,
होडी कलंडलेली,
आणि कुठली दोरी सोडायची
ते दोन्ही भाषांत आठवेना.