झालेले दिवस फिके दाखवा

इव्हिनिंग सुटली साडेनऊला, ओव्हर देता देता दहा.
मेडिकल चौकापासून रामेश्वरीपर्यंत
गाडीच्या हँडललाही ताप होता.
कूलरच्या टाकीत शेवटची बादली ओतून
यशूच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसलेय.
त्यात आधीपासूनच एक कॅलेंडर असतं,
कुणी न मागता दिलेलं,
निळसर, कोरं, बँकेच्या भिंतीसारखं.

आधी आठवडा रविवारवरून उठवला.
आमच्या वॉर्डात रविवार हा वारच नाही.
ड्युटीचा तक्ता लागतो गुरुवारी,
तेव्हा आठवडा गुरुवारीच उजाडायला पाहिजे.
पण यादीत वार तीनच:
शनिवार, रविवार, सोमवार.
गुरुवारी कुणाचंच काही सुरू होत नाही
असं कुठेतरी कुणीतरी ठरवून टाकलंय.

अक्षर मोठं केलं. चाळिशीची लाज कशाला.
मॉर्निंग पिवळी, इव्हिनिंग जांभळी,
नाइटला काळा मागितला, तो नव्हता,
ग्रॅफाइट नावाचं काहीतरी होतं, घेतलं.
ऑफला रंगच दिला नाही.
पांढऱ्या चौकटीत पाय पसरून झोपता येतं.

धम्मचक्र प्रवर्तन दिन सुट्ट्यांत सापडला नाही.
हातानं घातला, गडद निळा.
"दरवर्षी" वर टिचकी मारणार तेवढ्यात थांबले,
अशोक विजयादशमी सरकते न.
यंत्राला चंद्र कळत नाही.
मग पाच वर्षांच्या पाच तारखा हुडकून
पाच वेळा घातल्या.
त्या दिवशी घरात चंद्रपूरचे बावीस पाहुणे
आणि मी प्रथमोपचाराच्या तंबूत,
हेही लिहिलं, खाली, बारीक.

राहिला सुगत.
मालगाडीचा गार्ड. आता म्हणतात ट्रेन मॅनेजर,
पण त्याच्या ब्रेकव्हॅनमध्ये पंखा नाही तो नाहीच.
त्याच्यासाठी संत्रा रंग काढून ठेवला
आणि बोट तसंच माउसवर.
काय भरू?
त्याची ड्युटी फोन वाजला की जन्मते,
आमला, वर्धा, बल्लारशा,
कोळसा जाईल तिकडे.
उद्याच्या चौकटीत त्याला लिहिताच येत नाही.

म्हणून मागे गेले.
फ्रिजवरची त्याची डायरी काढून
मार्च भरला, एप्रिल भरला.
सव्वीस मार्च: आमल्याच्या अलीकडे सहा तास उभा.
नऊ एप्रिल: घरी. माझी नाइट.
दहा एप्रिल: घरी. माझी नाइट.
अकरा: मी ऑफ. तो बल्लारशा.

भरत गेले तसं सगळं पुसट दिसायला लागलं.
मला वाटलं, डोळे.
चष्मा पदरानं पुसला.
मग सापडलं, सेटिंगच्या अगदी तळाशी,
खूण आधीच करून ठेवलेली:
झालेले दिवस फिके दाखवा.

मला विचारलं होतं?
एकवीस वर्षं ह्या माणसाचा रंग
फक्त झालेल्या दिवसांतच आहे.
खूण काढली.
मार्च पेटला.
मग एप्रिल.

पहाटे चारला कडी वाजली.
झेंडे, टॉर्च, रिकामी बाटली कोपऱ्यात टेकवून
तो मागे येऊन उभा राहिला,
कानांच्या पाळ्यांवर कोळशाचा भुगा.
"काय करून राहिली वं?"
दाखवलं.
"हा नारिंगी कोण हाय?"
"तू."

पाहत राहिला. डायरी बंद केली, फ्रिजवर ठेवली,
परत आला.
"संत्रा असा नसते," म्हणाला,
"देठापाशी हिरवा पाहिजे थोडा."
आणि खुर्ची ओढली.

रंगारी आडनावाची दोन माणसं
रंगांच्या गोल चकतीवर बाण फिरवत
हिरवट नारिंगी शोधत बसली.
कूलरची टाकी कोरडी पडून खडखडत होती.
माझी मॉर्निंग, पिवळी, तीन तासांवर.
त्याचा फोन टेबलावर पालथा.
पाणी ओतायला कुणीच उठलं नाही.