महिरपी कंस

कुह्मोच्या लाकूडगिरणीतला संगणक
अजून सात बिटांत बोलतो.
त्याच्या वर्णमालेत दाटीच इतकी,
की दोन टिंबांच्या आमच्या 'ॲ'ला जागा उरली नव्हती.
तेव्हा कुणीतरी ठरवलं:
हा महिरपी कंस इथे कुणाच्या कामाचा?
त्याची खोली 'ॲ'ला द्या.

पुढे तो कंस परत आला, मालकासारखा.
आता आमचा निम्मा कोड
त्याच्याच कमानीखालून ये-जा करतो.
कुह्मोला हे कुणी कळवलं नाही.
रोज पहाटे सहा-दहाला तिथून हिशेब येतो,
स्प्रूसचे ओंडके इतके, पाइनचे इतके,
ट्रकवर क{र्न{.
आणि आमच्याकडच्या एकशे चाळीस ओळी
त्याला दारातच थांबवतात,
टोपीवरचं बर्फ झटकावं तसे कंस झटकतात,
कॅर्नॅ करून आत घेतात.

बैठकीत योनासने ते जळमट पडद्यावर दाखवलं.
एक गिऱ्हाईक. एक यंत्र. जूनमध्ये काढू.
कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं.
माझ्याकडे गाडी होती.

तांपेरेहून सहा तास. मार्च. दुतर्फा बर्फाच्या भिंती.
जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही:
यंत्र दातांसारखं पिवळं पडलेलं,
पंख्यात भुसा,
एक कळ चिकटपट्टीने जागेवर धरलेली.
उर्पो विरोला मात्र इस्त्रीच्या शर्टात.
त्याने कॉफी ओतली, पावती छापली,
मोठ्याने वाचली: कॅर्नॅ, मॅकेलॅ, हॅर्मॅ.
कागदावर नुसत्या कमानी.
"हे कंस खटकत नाहीत तुम्हाला?"
त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.
"कुठले कंस?"

मी जूनचं काही बोलले नाही.
परतताना कायानीला पेट्रोल भरत
योनाससाठी वाक्यं जुळवत राहिले.
बोटं गारठली. एकही जुळलं नाही.

ऑफिसात ती फाइल उघडली.
वरच शहाण्णव सालची टीप:
'काढू नका. का, ते उर्पोला विचारा.'
लिहिणारा कोण, आता कुणालाच आठवत नाही.
इतकी वर्षं आम्ही मागल्या पानावरून पुढे चालत आलो,
मागलं पान उलटून न बघता.

मी खाली एक ओळ घातली:
'विचारलं. त्याला दिसत नाहीत.'
तारीख टाकली.
आणि सही केली, प{इवि.

योनासने तपासताना शेजारी लिहिलंय:
नाव चुकलंय.
जूनला अजून नऊ आठवडे आहेत.