घाम सुकेपर्यंत

दाबू नका, म्हटलं. आजोबांचं बोट बटणावरच होतं.
बाहेर उलानबातर उणे बत्तीस, इथे हीटरपाशी वीस,
आणि लोकरीच्या नमद्यातून सोडवलेल्या लॅपटॉपला
आत येताच दरदरून घाम फुटलेला.
आधी तो सुकू दे. तोवर चहा घ्या.

खारट चहाचा वाडगा दोन्ही हातांत धरून
गोंबोजाव बसले, जिन्याखालच्या माझ्या दुकानात,
जिथे उंच माणसाला वाकूनच तक्रार सांगावी लागते.
बावीस तास बसने आले होते, जावखानहून.
तिथलं हवामान केंद्र म्हणजे एक खोली, एक चूल,
पांढऱ्या पेटीतला थर्मामीटर,
आणि हे.
"कोठीतून आणला, चुलीजवळ ठेवला, लगेच चालू केला.
एकदा लुकलुकला. मग मेला."

मेला हा शब्द मी दुकानात चालवून घेत नाही.

चार्जर बदलला. दिवा नाही.
बॅटरी काढून बटण तीस सेकंद दाबून धरलं,
साठलेली वीज निथळून जावी म्हणून.
कधीकधी एवढंच लागतं,
रुसलेल्याला कुणीतरी थोडा वेळ धरून ठेवणं.
या वेळी तेवढ्यानं भागलं नाही.
रॅम काढली, खोडरबरानं पुसली, पुन्हा बसवली.
गोंबोजाव ओठ हलवत स्क्रू मोजत होते.
अकरा, म्हणाले. मी म्हटलं, बारा.
पुन्हा मोजले. अकराच.
बारावा माझ्याआधीच कुणीतरी हरवलेला.

मल्टिमीटर टेकवला तसा तो चिरकला:
वीज आत पाऊल टाकते
आणि उंबरठ्यावरच जमिनीला मिळते.
पुढच्या खोल्यांना पत्ताच नाही की कुणी आलं होतं.

मग बोर्डावर स्पिरिट पसरलं
आणि एक व्होल्ट सोडला, एकच.
आता बघायचं, म्हटलं, आधी कुठे सुकतं.
आम्ही डोक्याला डोकं लावून बसलो.
सगळीकडे ओलं, चकचकीत;
आणि एका कडेला, तिळाहून लहान कपॅसिटरभोवती,
कोरडं बेट उगवलं.
"मेंढी बसून उठली," गोंबोजाव म्हणाले,
"की खालचं बर्फ असंच दिसतं."

चिमट्यानं तो तीळ उचलला.
मीटर गप्प झाला.
"याच्यावाचून चालेल?"
चालेल की. शेजारी असे आणखी नऊ आहेत,
याच्या वाटणीचं ओढतील बाकीचे.
त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.
मी भंगारातला एक बोर्ड शोधला,
त्याच मापाचा दुसरा काढून
रिकाम्या जागी बसवला. त्याचे पैसे लावले नाहीत.

पंखा खाकरला. पडदा उजळला.
मी टाळी वाजवली. ते वाजवेनात.
कोपऱ्यात तारीख होती, एक जानेवारी,
चौदा वर्षांपूर्वीची.
घड्याळाची गोल बॅटरी बसलीय, म्हटलं,
किरकोळ काम, नंतर कधीही करता येईल.
"आधी ते," आजोबा म्हणाले.
"तारीखच चुकली
तर थंडी ठेवू कुठल्या दिवशी?"

तेही केलं. तुगरिक मोजून दिल्यावर
त्यांनी सुनेला फोन लावला,
चष्मा कपाळावर ढकलला
आणि एका बोटानं टाइप करू लागले.
मंगळवार सकाळ, उणे एकेचाळीस.
मंगळवार रात्र, उणे त्रेचाळीस.
पलीकडे ती वहीतून वाचत होती, मागे मूल रडत होतं.
बुधवार सकाळपाशी ती अडली.
पेनातली शाई गोठली होती म्हणे, नुसते ओरखडे आहेत.
एकेचाळीस असेल, किंवा सत्तेचाळीस.

माझ्या तोंडावर आलं होतं, चव्वेचाळीस टाका,
कोण बघतंय.
गोंबोजावांनी तो रकाना मोकळा सोडला
आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.